मुखवटा उसना, भीती आपली

फ्रेडी, जेसन आणि मायकेल ही तीन नावं आमच्या घरात सध्या मामू-चाचांच्या नावांइतक्या सहजपणे घेतली जातात. तिघंही अमेरिकन, तिघंही खुनी आणि अल्हम्दुलिल्लाह, तिघंही खोटे. इंग्रजी भयपटांतली ही गाजलेली खलपात्रं. रात्री दस्तरखान पसरलं की अकरावीतला मुलगा विचारतो, "अब्बू, जेसन कधी पळत नाही, नुसता चालतो. तरी माणसं त्याच्या तावडीत कशी सापडतात?" सातवीतल्या मुलीकडे उत्तर तयार असतं. आणि दादी म्हणतात, "आधी ताटातलं संपवा, मग त्याला कुठं पळवायचं ते पळवा."

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. राहायला मिरजेत. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथं आमचं पटलं नाही तिथं तसं सांगितलं आहे.

मूळ चित्रपट प्रौढांसाठीचे आहेत. मुलांना ते दाखवावेत असं आमच्यापैकी कुणाचंच मत नाही. पण मुलांना लागलेला नाद जरा वेगळा आहे. या पात्रांचे चाहते ती उसनी घेऊन स्वतःचे छोटे चित्रपट बनवतात. कुणी पाच मिनिटांचा, कुणी वीस मिनिटांचा, एखादा तासाभराचाही. पैसे खिशातले किंवा वर्गणीचे, नट मित्रमंडळीतले, जागा कुणाच्या तरी घरामागची. झाला की यूट्यूबवर फुकट. याला 'फॅन फिल्म' म्हणतात. आमचा मुलगा त्या चित्रपटांपेक्षा ते कसे बनवले हे दाखवणारे व्हिडिओ जास्त बघतो. अंधार दाखवायला दिवा कुठं ठेवायचा, दार करकरल्याचा आवाज कशातून काढायचा, खोटं रक्त कसं करायचं. मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं जाहीर केलं की आपणही अशी एक फिल्म करणार आणि त्यात मायकेल आपल्या गल्लीत येणार.

घरात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, खून-मारामारीचं कौतुक नको. दुसऱ्याचं म्हणणं, नुसतं बघत बसण्यापेक्षा हातानं काही करतोय तर करू दे. शेवटी असं ठरलं, की हो किंवा नाही म्हणण्याआधी ही भानगड काय आहे ते आपण समजून घेऊ. महिनाभर रात्री ईशानंतर आम्ही दोघांनी तेच केलं. जे समजलं ते इथं मांडतो. ज्यांच्या घरात हा पाहुणा अजून आलेला नाही त्यांच्याकडेही तो उद्या येऊ शकतो.

पहिली गोष्ट, हा नाद मोबाइलबरोबर आलेला नाही. १९५३ साली डोनाल्ड ग्लट नावाच्या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलानं घरच्या छोट्या कॅमेऱ्यावर डायनासोरची फिल्म काढली. १९६९ पर्यंत त्यानं अशा ४१ फिल्म केल्या. त्यांत फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस होता, ड्रॅक्युला होता, लांडगा-माणूस होता. १९५८ साली भयपटांना वाहिलेलं 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक निघालं आणि गावोगावच्या अशा मुलांना कळलं की आपण एकटेच वेडे नाही. गंमत म्हणजे १९४० च्या दशकात मोठ्या चित्रपटांत फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेले ग्लेन स्ट्रेंज यांनी १९६३ मध्ये ग्लटच्या घरगुती फिल्ममध्ये तोच राक्षस पुन्हा केला. पुढं ग्लट लेखक झाला. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या चित्रपटावरची कादंबरी त्याचीच. म्हणजे हे वेड सत्तर वर्षं जुनं आहे, आणि त्यातून माणसं बिघडतातच असं काही नाही.

आता मायकेलची ओळख करून देतो, कारण आमच्या घरी तोच येणार होता. 'हॅलोवीन' हा चित्रपट १९७८ सालचा, दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. सहा वर्षांचा मायकेल मायर्स थोरल्या बहिणीचा खून करतो, पंधरा वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि आपल्या गावी परततो. चेहऱ्यावर पांढरा, भावहीन मुखवटा. हा मुखवटा निर्मात्यांनी कुठल्या कलावंताकडून घडवून घेतला नव्हता. दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला तो 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा होता. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला, झालं. मुखवट्याआड बहुतेक वेळ असायचा दिग्दर्शकाचा मित्र निक कॅसल, रोज २५ डॉलर घेऊन. गोष्ट ऑक्टोबरमधली आणि चित्रीकरण वसंतात, म्हणून पानझड दाखवायला कागदी पानं रंगवली. एक प्रसंग झाला की ती गोळा करायची आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा पसरायची. पैसे कमी होते. संगीतही कार्पेंटरनं स्वतःच दिलं, वडिलांनी लहानपणी शिकवलेल्या पाच मात्रांच्या ठेक्यावर.

हे वाचल्यावर आमच्यातला जो विरोधी पक्ष होता तो जरा मऊ झाला. घाबरवणारी वस्तू इतकी साधी असते हे मुलाला कळणं काही वाईट नाही. भुताच्या गोष्टी आमच्याही लहानपणी होत्या. नव्वदच्या दशकात शुक्रवारी रात्री टीव्हीवर 'झी हॉरर शो' लागायचा. त्याआधी व्हिडिओ कॅसेटवर रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' बघून आम्ही चुलत भावंडं एकाच गोधडीत झोपलो होतो. त्यातला सामरी हा सैतान करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनिअर होते हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर आम्ही निम्मे घाबरलो असतो. आमच्या मुलाला ते आधीच ठाऊक असतं. पडद्यावर राक्षस आला की तो विचारतो, "हा रबर कुठला वापरलाय?"

दुसरा पाहुणा फ्रेडी क्रूगर. भाजलेला चेहरा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर, उजव्या हातात सुऱ्या लावलेला पंजा. तो झोपेत येतो. स्वप्नात त्यानं मारलं की माणूस खरोखर मरतो. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' हा वेस क्रेव्हनचा चित्रपट १९८४ चा. फ्रेडीवर चाहत्यांनी केलेल्या फिल्म भरपूर आहेत, कारण टोपी, स्वेटर आणि पंजा जमवला की फ्रेडी तयार. आपल्याकडेही तो आला होता. रामसेंच्या 'महाकाल'मध्ये असाच पंजा आहे.

पण हा फ्रेडी आला कुठून, ते समजल्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. १९८० च्या आसपास लॉस एंजेलिस टाइम्स या वर्तमानपत्रात काही बातम्या आल्या होत्या. लाओस, कंबोडिया या भागांतलं युद्ध आणि कत्तल यांतून जीव वाचवून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांतले काही तरुण पुरुष झोपेतच मरत होते. धडधाकट माणसं, रात्री झोपली ती उठलीच नाहीत. डॉक्टरांना कारण सापडेना. क्रेव्हननं सांगितल्याप्रमाणे त्यातल्या एका घरात मुलगा झोपायलाच तयार नव्हता. झोपलो तर परत उठणार नाही, असं तो सांगत होता. घरच्यांनी समजूत घातली, गोळ्या दिल्या. मुलगा जागाच राहिला. शेवटी एका रात्री त्याचा डोळा लागला, घरच्यांना बरं वाटलं, आणि मध्यरात्री किंकाळी ऐकू आली. ते पोचेपर्यंत मुलगा गेला होता. खोलीत कॉफीचं यंत्र लपवलेलं सापडलं.

चित्रपटात हा निर्वासित मुलगा नाही. त्याचं घर, त्याचा देश, त्यानं मागं काय पाहिलं असेल, यातलं काही नाही. उरली फक्त झोपेची भीती, आणि तिला पंजा आणि स्वेटर चढवला. चाळीस वर्षं जगभरची मुलं तो पंजा पुठ्ठ्याचा, पत्र्याचा, प्लास्टिकचा बनवतायत. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की या पंजामागं एका आईबापाचं मूल आहे, ज्याचं म्हणणं घरात कुणाला पटलं नव्हतं. आम्ही हे मुलांना सांगितलं. मुलीनं विचारलं, "म्हणजे तो खरं सांगत होता?" आम्ही हो म्हणालो. त्या दिवसापासून फ्रेडीचा विषय घरात थट्टेनं निघालेला नाही.

तिसरा जेसन वूरहीस. 'फ्रायडे द थर्टींथ' ही मालिका १९८० साली सुरू झाली. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडं अपशकुनी मानतात. दादींना हे ऐकून राग आला. "जुम्मा आणि मनहूस? त्यांना सांगा, आमच्याकडं जुम्म्याला ईद असते." गंमत अशी की पहिल्या चित्रपटात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. तळ्यात बुडालेल्या मुलाचा सूड ती घेते. जेसनचा प्रसिद्ध मुखवटा, हॉकीच्या गोलरक्षकाचा, १९८२ च्या तिसऱ्या भागात आला.

मूळ पटकथालेखक व्हिक्टर मिलर आणि निर्माता-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांच्या बाजूत हक्कांवरून दावा चालू झाला. २०१८ मध्ये न्यायालयानं मिलर यांच्या बाजूनं निकाल दिला, २०२१ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. या मालिकेतला शेवटचा चित्रपट २००९ चा. त्यानंतर वर्षानुवर्षं चित्रपटगृहात जेसन नव्हता. मालक भांडत होते तेव्हा चाहत्यांनीच त्याला सांभाळलं. यातली सगळ्यांत गाजलेली फिल्म 'नेव्हर हाइक अलोन'. व्हिन्सेंटे डिसँटी यानं लोकांकडून वर्गणी जमवून ती केली आणि १३ ऑक्टोबर २०१७ ला, अर्थात शुक्रवारी, सगळ्यांसाठी फुकट खुली केली. तासाला थोडी कमी आहे. जेसनचं कामही त्यानं स्वतःच केलं. १९८६ च्या भागात नायक असलेले थॉम मॅथ्यूज एकतीस वर्षांनी त्याच भूमिकेत आले, तेही अशा हौशी फिल्ममध्ये.

ही फिल्म आम्ही दोघांनी आधी पाहिली आणि मुलाला निवडक भाग दाखवले. तिचं वेगळेपण आमच्या लक्षात आलं ते असं. बऱ्याचशा हौशी फिल्ममध्ये मुखवटा पहिल्याच मिनिटाला येतो, मग सुरा येतो, मग रक्त, आणि फिल्म संपते. बघणाऱ्याला काहीच होत नाही. डिसँटीच्या फिल्ममध्ये बराच वेळ फक्त एक माणूस आहे, हातात कॅमेरा घेऊन जंगलातून एकटा चालणारा. तो स्वतःशीच बोलतो. वाट चुकतो. ओसाड पडलेली जुनी छावणी सापडते. जेसन येईपर्यंत आपण घाबरलेलो असतो, कारण एकटं असण्याची भीती आपल्याला ओळखीची असते. मुखवटा त्यानं उसना घेतला, भीती त्याची स्वतःची होती. मुलाला आम्ही एवढंच म्हणालो, "तुझ्या फिल्ममध्ये मायकेल येऊ दे. पण तुला स्वतःला कशाची भीती वाटते ते आधी ठरव."

मधे एक प्रश्न उरतो, तो परवानगीचा. दुसऱ्यानं रचलेलं पात्र आपण वापरायचं, हे हलालच्या हिशोबात बसतं का? हा प्रश्न आमच्यापैकी एकानं फार लावून धरला. इतिहास असा आहे. ड्रॅक्युलाची कादंबरी ब्रॅम स्टोकरची, १८९७ ची. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊनं त्यावर न विचारता 'नोस्फेरातू' काढला, नावं तेवढी बदलली. स्टोकरच्या विधवा पत्नीनं दावा लावला, जिंकला, आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज आहे आणि जगातल्या थोर चित्रपटांत मोजला जातो. एका बाजूला थोर कलाकृती, दुसऱ्या बाजूला एका विधवेचा हक्क. दोन्ही खरं आहे.

दुसरा रस्ता लेखक स्टीफन किंग यांनी दाखवला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते विद्यार्थ्यांना आपल्या कथेवर लघुपट करायची परवानगी एका डॉलरला देत. अट एवढीच की तो विकायचा नाही. अशीच परवानगी घेऊन १९८३ साली फ्रँक डॅराबाँट या तरुणानं एक लघुपट केला. त्याच डॅराबाँटनं १९९४ मध्ये किंग यांच्याच कथेवर 'द शॉशँक रिडम्प्शन' दिग्दर्शित केला. एका डॉलरच्या विश्वासाचं हे फळ. चाहत्यांच्या फिल्मना अशी लेखी परवानगी बहुधा नसते. पैसा कमावला नाही तर मालक बहुतेक वेळा कानाडोळा करतात, पण हरकत घेतली तर फिल्म काढून टाकावी लागते. आमच्या घरात ठरलं की फिल्म नातेवाईक आणि मित्रांनाच दाखवायची, एक रुपयाही कमवायचा नाही, आणि मायकेल मूळ कुणाचा हे सुरुवातीलाच लिहायचं. परवानगीचा प्रश्न यानं पूर्ण सुटतो यावर आमचं अजून एकमत नाही.

मोठ्यांच्या पात्रांना आपल्या गावात आणायचा हा उद्योग आपल्या लोकांना परका नाही. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागावर काम करणारी माणसं नट, उसना कॅमेरा, गावच्या गल्ल्या. पुढं 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यात उडणारा सुपरमॅन शफीक हा माग कामगार होता. त्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट काढला आणि जगानं तो पाहिला. मालेगावचं ते हसवणं होतं, भयपट नव्हे. पण सुपरमॅन गावात उतरतो तेव्हा गावचे प्रश्नही त्याच्या अंगावर येतात. नुसती नक्कल आणि आपली गोष्ट यांतला फरक आम्ही मुलाला मालेगाव दाखवूनच समजावला.

आता आमच्या गल्लीकडे येतो. मुलाची पहिली योजना अशी होती: रात्री साडेदहाला, पांढरा मुखवटा घालून, हातात स्वयंपाकघरातला सुरा घेऊन मामेभावानं कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभं राहायचं. या गोष्टीला आम्ही दोघांनीही एका आवाजात नाही म्हटलं. अमेरिकेतल्या उपनगरात एखादा पोरगा असा उभा राहिला तर लोक हसतील. आमच्या पोराच्या हातातला प्लास्टिकचा सुराही लांबून बघणाऱ्याला प्लास्टिकचा वाटेल याची खात्री नाही. त्याचा फोटो कुणी काढला आणि खाली दोन ओळी लिहून पुढं पाठवला, तर त्या ओळी पुसायला आम्ही कुठं कुठं जाणार? मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला हे सांगताना घशाशी आलं, पण सांगितलं. तो चिडला नाही. "माहितीये, अब्बू," म्हणाला. ते त्याला आधीच माहीत होतं याचं वाईट जास्त वाटलं.

दादींनी दुसरी बाजू मांडली. त्यांनी हदीसमधला प्रसंग सांगितला. प्रवासात एक जण झोपला होता, दुसऱ्यानं गंमत म्हणून त्याची दोरी उचलली, तो दचकून उठला. आणि मुसलमानानं मुसलमानाला घाबरवणं जायज नाही अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. मुलगा म्हणाला, "मग भुताची फिल्मच करायला नको." दादी थोडा विचार करून म्हणाल्या, "जो बघायला बसलाय त्याला ठाऊक आहे. रस्त्यानं जाणाऱ्याला ठाऊक नाही." मौलाना याहून नीट सांगू शकतील, पण आम्हाला घरात वापरायला एवढा फरक पुरेसा वाटला.

मग नियम ठरले. सुरा नाही, खरा नाही आणि खोटाही नाही. रक्त नाही. चित्रीकरण दिवसा, पडदे लावून रात्र करायची. बाहेरचा एकच प्रसंग, तोही मगरिबच्या आधी, आणि दुपारीच गल्लीत सगळ्यांना सांगून. समोरच्या घरातल्या काकांनी तर स्वतःची गॅलरी दिली, वरून गल्ली चांगली दिसते म्हणून. मुखवटा मुलांनी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून फुग्यावर थापला, तीन दिवस गच्चीवर वाळवला आणि भिंतीच्या उरलेल्या चुन्यानं रंगवला. खर्च शून्य. दोन डॉलरपेक्षाही कमी, असं मुलगा अभिमानानं सांगतो.

एवढे नियम घातल्यावर भयपटात भय ते काय उरणार, असं आम्हाला वाटत होतं. फिल्म झाली चार मिनिटांची. दादींच्या खोलीत भिंतीवर ती दाखवली गेली. मामू, मामी, शेजारचे काका-काकू, सगळे दाटीवाटीनं बसले.

फिल्म अशी आहे. रात्र आहे. एक मुलगी अभ्यास करते आहे, ही आमचीच धाकटी. स्वयंपाकघरात आई, ती मामीनं केली आहे. आई मोबाइलवर एक नंबर लावते. लागत नाही. ती फोन खाली ठेवते आणि कांदा चिरायला घेते. मुलगी खिडकीतून बघते. गल्लीच्या टोकाला पांढरा मुखवटा घातलेला कुणीतरी उभा आहे. तो काही करत नाही. आई पुन्हा फोन लावते. लागत नाही. मुलगी पुन्हा बघते. तो थोडा जवळ आला आहे. आई काही बोलत नाही, फक्त ताटावर झाकण ठेवते. एक ताट झाकलेलं. तिसऱ्यांदा फोन. आता तो दाराशी आहे. पूर्ण फिल्ममध्ये कुणी किंचाळत नाही. शेवटी दारावर थाप पडते, आई आणि मुलगी एकमेकींकडं बघतात, आणि पडदा काळा होतो. काळ्या पडद्यावर फक्त आवाज येतो: "अगं, उघडा, मोबाइलची बॅटरी गेली होती."

खोलीत क्षणभर कुणी हललं नाही. मग मामूंनी टाळ्या वाजवल्या.

आमच्यापैकी एक जण आठवड्यातून दोनदा बेदाण्याच्या मालाबरोबर टेंपोनं वाशीच्या बाजारात जातो. संध्याकाळी निघायचं, पहाटे पोचायचं, दुसऱ्या रात्री परत. घाटात रेंज नसते, कधी बॅटरी संपते. दुसरा जण घरी असतो, फोन लावतो, लागला नाही तर मुलांना म्हणतो, "येतील, तुम्ही झोपा," आणि ताट झाकून ठेवतो. रस्त्यात गाड्या अडवल्याच्या, माणसाला नाव विचारल्याच्या बातम्या आम्ही मुलांसमोर लावत नाही. मुलं त्या कुठून तरी ऐकतातच. पण मुलं जागी असतात, झाकलेलं ताट मोजतात, हे आम्हाला त्या चार मिनिटांत कळलं. कितीही वेळा विचारलं असतं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" तरी उत्तर आलं असतं, "कशाची नाही."

मायकेलवर आम्ही वाचलं होतं की १९७८ च्या मूळ चित्रपटात तो बराच वेळ नुसता उभा राहून बघतो. दुपारच्या उन्हात, कपडे वाळत घातलेल्या दोरीमागं, रस्त्याच्या पलीकडं. आमच्या मुलांनी त्याच्यापासून सुरा घेतला नाही, ते उभं राहणं घेतलं. आणि त्याला उभं केलं ते आपल्या घरातल्या वाट बघण्यासमोर. डोनाल्ड ग्लटपासून डिसँटीपर्यंतची ही हौशी मंडळी रबर, पुठ्ठा आणि मित्र जमवून इतकी वर्षं काय करतात, ते आम्हाला त्या भिंतीवर दिसलं. घाबरायला शब्द नसतात तेव्हा मुलं चेहरा शोधतात. तो चेहरा कधी बाहेरून आणलेला असतो.

सगळ्याच घरांत असं होईल असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळ फिल्म नुसत्या रक्ताच्या असतात आणि त्या बघण्यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही. आमच्यापैकी एकाला अजूनही वाटतं की मुलानं हा वेळ बारावीच्या तयारीला द्यावा, आणि ते चूक नाही. दुसऱ्याला वाटतं की एक फिल्म आणखी होऊ द्यावी. मुलीला पुढच्या वेळी दिग्दर्शन करायचं आहे आणि तिचा राक्षस कोण हे ती सांगायला तयार नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा मुखवटा वाळत असेल तर तो फेकण्याआधी मुलाला एवढं विचारा की यामागं कोण उभं राहणार आहे आणि कुणाकडं बघणार आहे. उत्तर लगेच येणार नाही. आमच्याकडं ते चार मिनिटांच्या फिल्ममधून आलं.

घरात त्यानंतर एवढा बदल झाला की टेंपोत जादा बॅटरी असते आणि फोन तीनदा येतो: पेठ नाक्यावरून, साताऱ्यातून आणि खोपोलीला घाट उतरल्यावर. शेवटचा फोन बऱ्याच उशिरा येतो. तो मुलीच्या उशीशेजारी ठेवलेल्या मोबाइलवर येतो, असं तिनंच ठरवून घेतलं आहे. ती फक्त "बरं, अब्बू" म्हणते आणि कूस बदलून झोपते.